यंत्राचे बिऱ्हाड

गेल्या मार्गशीर्षात आमच्या विद्यापीठाचे एक पत्र आले. मजकूर चारच ओळींचा होता. विद्यापीठाच्या संकेतस्थळाचा जुना सर्व्हर बंद करून सर्व पाने नव्या जागी हलवावयाची आहेत. त्यासाठी नेमलेल्या समितीवर मी यावे, आणि जुन्या यंत्राच्या निर्लेखनाच्या फायलीला जोडण्यासाठी या व्यवस्थेचा थोडा इतिहास लिहून द्यावा. निर्लेखन म्हणजे कचेरीच्या भाषेत निर्जीव वस्तूचा अंत्यविधी. टेबलखुर्च्यांचा होतो, तसा यंत्रांचाही होतो.

पत्रातला ‘इतिहास’ हा शब्द वाचून मला प्रथम हसू आले. पंचवीस वर्षांचा कसला इतिहास? पुण्याच्या इतिहासकारांनी ऐकले असते तर त्यांनी याला ‘चालू बातमी’ म्हटले असते. परंतु लिहावयास बसलो आणि हसू मावळले. पानिपतच्या मोहिमेतली पत्रे आज अडीचशेहून अधिक वर्षांनी आपल्याला वाचावयास मिळतात. पण २००२ साली आमच्या संकेतस्थळाचे पहिले पान कसे दिसत होते, हे दाखविणारा एकही कागद मजजवळ नव्हता. विद्यापीठाजवळही नव्हता. या विस्मरणात माझा स्वतःचा हात होता, आणि तीच गोष्ट आज वाचकांना सांगावयाची आहे.

विद्यापीठाचे नाव सांगत नाही. ते नवी मुंबईत, डोंगर आणि खाडी यांच्यामधल्या पट्टीत आहे, एवढे पुरे.

पुष्कळांना वाटते की संकेतस्थळ आकाशात कुठेतरी तरंगत असते. तसे नाही. ते कुठल्यातरी खोलीत, कुठल्यातरी फळीवर, एका यंत्राच्या पोटात असते. आपण पत्ता टंकला की आपली मागणी त्या यंत्राच्या दारी जाते आणि ते हवे ते पान काढून हाती देते. मध्यरात्री मागा, ऐन दिवाळीत पहाटे मागा, त्याने ‘आता झोपलो आहे’ म्हणता कामा नये. या कामाला होस्टिंग म्हणतात. होस्ट म्हणजे यजमान. ज्याच्या घरी दिवाळीला वीस पाहुणे उतरले आहेत त्या गृहिणीला हे काम अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्याकडे या यजमानपणाचा आरंभ मुंबईत जुहूला झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० साली टिफ्रॅक हे या देशातच रचलेले गणकयंत्र चालू केले होते. त्याच परंपरेतून पुढे १९८५ मध्ये एनसीएसटी, म्हणजे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, ही संस्था निघाली. डॉ. एस. रमणी हे तिचे संचालक. पुढल्याच वर्षी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘अर्नेट’ नावाचे जाळे विणावयास घेतले. पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, जुहूचे हे केंद्र आणि दिल्लीचे खुद्द खाते, अशी आठ ठाणी त्यात होती. आरंभी जुहू आणि पवई यांच्यामध्ये टेलिफोनच्या साध्या तारेवरून पत्रे जात. अंतर ते किती, तासाभराचा रस्ता! पण त्या एवढ्याशा अंतरात एका नव्या युगाचा श्रीगणेशा झाला. १९८९ मध्ये देशाला ‘डॉट इन’ हे आडनाव मिळाले आणि त्याची नोंदवही याच केंद्राकडे आली. ती २००५ पर्यंत तिथेच सांभाळली गेली. दरम्यान ही संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाली होती, आणि खाडी ओलांडून खारघर-बेलापूरच्या बाजूला तिचे एक ठाणे उभे राहिले होते. तेव्हा आमच्या गाडीतून जाणाऱ्या विद्यार्थ्यांना मी सांगत असे, ‘बाबांनो, साऱ्या देशाच्या नावाची वही ज्यांनी सांभाळली त्यांचे हे घर आहे. खिडकीतून एकवार बघून घ्या.’ ते मोबाइलमधून मान वर करीत नसत.

सर्वसामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून. तोवर जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वेबची कल्पना काढून, तिचे यंत्र चालवून, १९९३ मध्ये ती जगाला फुकट वाटूनही झाली होती. जगातल्या त्या पहिल्या सर्व्हरवर हाताने लिहिलेली एक चिठ्ठी डकवलेली होती. आशय असा, की हे यंत्र सर्व्हर आहे, याची वीज बंद करू नये. साऱ्या जगाचे वेब त्या वेळी एका चिठ्ठीच्या आधाराने उभे होते, असे म्हटले तरी चालेल!

दुसरी एक गोष्ट मला फार आवडते. यंत्र नुसते असून भागत नाही, पाने वाढण्याचे काम करणारा कार्यक्रम त्यात असावा लागतो. असा एक कार्यक्रम अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात तयार झाला होता. त्याचा कर्ता १९९४ मध्ये ती जागा सोडून गेला आणि कार्यक्रम पोरका झाला. तेव्हा तो वापरणाऱ्यांनी आपापल्या घरी लावलेली ठिगळे एकमेकांना पाठवावयास आरंभ केला. त्या ठिगळांतून १९९५ मध्ये ‘अपाची’ हा सर्व्हर जन्मला, आणि वर्षभरात जगात सर्वाधिक वापरला जाऊ लागला. आपल्या आज्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवीत, त्यातलाच हा प्रकार. ही गोधडी फुकट होती म्हणूनच आमच्यासारख्या गरीब विद्यापीठाला पांघरता आली.

आमचे पहिले यंत्र २००० साली आले. संगणक प्रयोगशाळेतलाच एक पेंटियम, २० जीबीची डिस्क, आणि चौसष्ट किलोबिटची भाड्याची तार. तळमजल्यावर जिन्याखालची एक कोनाड्यासारखी जागा त्याला मिळाली. मी प्रयोगशाळेचा प्रमुख. माझे सहकारी म्हणजे आमचे शिपाईमामा. सर्नची ती गोष्ट मी त्यांना सांगितली, तेव्हा त्यांनी पुठ्ठ्यावर ठसठशीत अक्षरांत लिहून यंत्राला अडकवले, ‘हे सर्व्हर आहे. बंद करू नये.’ खाली स्वतःच्या मनाने एक ओळ जोडली, ‘केल्यास जबाबदारी आपली.’ खंडेनवमीला ते यंत्राला हळदकुंकू लावीत आणि झेंडूची माळ घालीत. माळ वाऱ्याच्या जाळीवर येऊ नये एवढेच मी पाहत असे.

चौसष्ट किलोबिट म्हणजे सेकंदाला आठ किलोबाइट. पहिल्या पानावर कुलगुरूंचे छायाचित्र होते, ते तीनशे किलोबाइटचे. एकटाच माणूस पाहत असला तरी ते पूर्ण उमटावयास अर्धे-पाऊण मिनिट लागे. मग निकालाच्या दिवशी दोन हजार मुले एकदम दारात आली की यंत्र गुदमरून जाई. शेवटी मी एक युक्ती केली. निकालाच्या आदल्या रात्री छायाचित्रे, इमारतीची चित्रे, सारे काढून टाकले. नुसती अक्षरे आणि आकडे ठेवले. निकाल भराभर दिसू लागले. कुलगुरूंना बाजूला केल्याने निकाल वेगाने लागतात, हे कुलगुरूंना सांगण्याचे धैर्य मात्र आमच्यापैकी कोणाला झाले नाही.

मग २६ जुलै २००५ उजाडला. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा आता सर्वांना पाठ आहे. आमच्या बाजूलाही आभाळ फाटले होते. दुपारी चारच्या सुमारास जिन्याखाली पाणी शिरू लागले. मामा घरी निघालेले होते, ते फाटकापासून परत फिरले. आम्ही दोघांनी यंत्र टेबलावरच्या मेणकापडात गुंडाळले आणि लहान मुलाला उचलावे तसे दुसऱ्या मजल्यावर नेले. बॅटरीचा डबा जड होता, तो खालीच राहिला आणि बुडाला. रात्र आम्ही ग्रंथालयात काढली. पुढले चार दिवस आमच्या विद्यापीठाचा पत्ता टंकणाऱ्याला कोणीही ‘ओ’ दिली नाही.

त्या पुराने आम्हाला जे शिकवले ते कोणत्याही पुस्तकाने शिकवले नव्हते. एका खोलीत एकच यंत्र ठेवणे म्हणजे घरातले सारे सोने एकाच गाठोड्यात बांधणे. २००६ मध्ये पहिली बढती झाली. वरच्या मजल्यावर वातानुकूलित खोली, लोखंडी मांडणी, दोन यंत्रे आणि प्रत्येकात दोन डिस्का, म्हणजे एकीवर लिहिले की दुसरीवर आपोआप उतरावे. पुठ्ठ्याची पाटी मामांनी नव्या मांडणीलाही अडकवली.

दुसरी बढती २०११ ची. आदल्या वर्षी, मार्च २०१० मध्ये, केंद्र सरकारने राष्ट्रीय ज्ञान जाल मंजूर केले होते. ५,९९० कोटी रुपयांची योजना. विद्यापीठे, प्रयोगशाळा, संशोधनसंस्था या सर्वांना ती जोडणार होती. आमच्याकडे गिगाबिटची तार आली. जिन्याखालच्या तारेच्या हिशेबाने हा वेग पंधरा हजार पटींहून अधिक! जुन्या दोन यंत्रांच्या जागी एक दांडगे यंत्र आले आणि त्याच्या पोटात दहा-बारा मानीव यंत्रे नांदू लागली. गिरगावच्या चाळीत एकाच छपराखाली बारा बिऱ्हाडे, प्रत्येकाचे दार वेगळे, नळ सामाईक. तसाच हा संसार. एकाने फार पाणी ओढले की बाकीच्यांची कुरकुर सुरू होई, तेही तसेच.

या बिऱ्हाडबदलाच्या वेळी जुन्या सामानाचे काय करावे, असा प्रश्न आला. २००६ पूर्वीची पाने जुन्या घडणीची होती. त्यांतली मराठी पाने तर आणखी अवघड. त्या काळी मराठी मजकुरासाठी जो तो आपापला फाँट वापरी. यंत्राच्या लेखी ती इंग्रजी अक्षरेच असत. फाँट त्यांना मराठी मुखवटा चढवी. फाँट गेला की मुखवटा गळून पडे आणि मागे नुसती अर्थहीन चिन्हे उरत. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतःचे हक्काचे स्थान होते, पण आमच्या कचेऱ्यांपर्यंत ते पोचावयास बरीच वर्षे गेली. जी पाने कोणाला वाचता येत नाहीत ती कशाला वाहून न्यावयाची? यादीवर ‘नेऊ नये’ असा शेरा मी मारला. सही माझी आहे. जुनी यंत्रे रीतसर पुसून भंगारात गेली.

पाच वर्षांनी कॅनडाहून एक पत्र आले. पत्र लिहिणारी आमचीच विद्यार्थिनी, २००३ च्या तुकडीची. घणसोलीकडच्या एका गावठाणात वाढलेली. घरची भातशेती नव्या शहरात गेली, आणि त्या घरातली ती पहिली पदवीधर. मराठी माध्यमातून तिने शिक्षणशास्त्राची पदवी घेतली होती. तिथे शिक्षिकेचा परवाना मिळविण्यासाठी तिला आपल्या वर्षांचा संपूर्ण अभ्यासक्रम, विषयवार, विद्यापीठाच्या शिक्क्यासह हवा होता. ‘सर, आमच्या वेळी तो संकेतस्थळावर होता. आता ते पान उघडत नाही. तुम्हीच काही करा,’ असे तिने लिहिले होते.

मी ग्रंथालयात गेलो. छापील अभ्यासक्रमांची चळत होती, ती २००१ पाशी थांबली होती. त्या वर्षी खर्च वाचविण्यासाठी छपाई बंद करण्यात आली होती आणि कारण दिले होते, ‘संकेतस्थळावर उपलब्ध आहे.’ म्हणजे कागद संकेतस्थळाच्या भरवशावर बंद झाला, आणि संकेतस्थळावरून मी तो काढून टाकला! सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेने १९९६ पासून जगभरची पाने जपून ठेवली आहेत; तिथे शोध घेतला. आमचे विषयांच्या यादीचे पान मिळाले, पण आतले अभ्यासक्रम नव्हते. अनुक्रमणिका राहिली आणि ग्रंथ गेला.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तो वाईला सापडलेल्या कागदांवरून. लोकांनी घराच्या कोपऱ्यात टाकून दिलेली दप्तरे त्यांनी गावोगाव हिंडून शोधली. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातून निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग प्रसिद्ध केले. ते कागद उरले, कारण रुमालात बांधून ठेवणाऱ्याला ते वाचता येत नसले तरी फेकण्याची त्याला घाई नव्हती. मोडी विसरली गेली, तरी मोडी कागद होते. म्हणून पुढे कोणी मोडी शिकून ते वाचू शकला. मला माझा फाँट वाचता येईना म्हणून मी दप्तरच जाळले. एवढा फरक!

मामा तोवर निवृत्त झाले होते. सहज त्यांच्या घरी गेलो आणि माझी व्यथा सांगितली. ते उठले, माळ्यावर चढले आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा खाली घेऊन आले. आत अकरा सीड्या होत्या, प्रत्येकीवर त्यांच्या ठसठशीत अक्षरात महिना आणि साल.

‘तुम्हीच सांगितलं होतं ना सर, की अधूनमधून एक सीडी भरून ठेवा म्हणून. नव्या खोलीत गेल्यावर तुम्ही म्हणालात, आता नको. पण या टाका, असं काही तुम्ही म्हणाला नाहीत.’

अकरांपैकी चार सीड्या वाचता आल्या नाहीत. उरलेल्यांपैकी एकीवर तो अभ्यासक्रम होता, त्या जुन्या फाँटमध्ये. फाँट असलेला एक संगणक एका छापखान्यात मिळाला. पान पान ताडून पाहून, युनिकोडमध्ये उतरवून, शिक्का मिळवून ते रवाना होईपर्यंत चार महिने गेले. त्या वर्षीची तिची मुदत टळली होती. परवाना पुढल्या वर्षी मिळाला. तिने आभाराचे पत्र पाठविले. त्यात त्या गेलेल्या वर्षाचा उल्लेखही नव्हता. तो असता तर मला बरे वाटले असते.

आता यंदाची, तिसरी बढती. जुने दांडगे यंत्र थकले होते. त्याचे सुटे भाग मिळेनासे झाले होते. समितीत प्रश्न असा होता, की नवे यंत्र आणावे की भाड्याची जागा घ्यावी? आमच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात ऐरोली, रबाळे, महापे या बाजूला आता मोठमोठी डेटा सेंटरे उभी आहेत. समुद्रतळावरून येणाऱ्या तारा मुंबईच्या किनाऱ्यावर वर येतात, पेढ्या आणि शेअरबाजार हाकेच्या अंतरावर, आणि जुन्या कारखान्यांची जागा व वीज तयार. म्हणून हा व्यवसाय इकडे स्थिरावला. लोक ज्याला क्लाउड म्हणतात तो ढग औद्योगिक वसाहतीत चार भिंतींच्या आत असतो आणि त्याला थंड ठेवण्यासाठी अहोरात्र यंत्रे घरघरत असतात. आम्ही तिथे भाड्याने राहावयाचे ठरविले. आणखी एक प्रत दुसऱ्या शहरात ठेवावयाची, हेही ठरले. पूर एकाच वेळी दोन शहरांत येऊ नये, एवढी देवाजवळ प्रार्थना.

हे काम सांभाळणारी मुलगी तरुण आणि हुशार आहे. तिने तपासणी करून मला यादी दाखविली.

‘सर, ही चौदाशे पानं वर्षभरात कोणी उघडलेलीच नाहीत. टाकून देऊ?’

मी तिला बिस्किटाच्या डब्याची गोष्ट सांगितली. तिने ती शांतपणे ऐकून घेतली आणि चौदाशेही पाने नेण्याच्या यादीत घातली. नंतर म्हणाली, ‘पण सर, नुसती पानं नेऊन भागायचं नाही. पत्ते बदलणार आहेत. जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नव्या पत्त्याकडं वळवायला हवं.’ हे माझ्या ध्यानात आले नव्हते. तिने एकेका जुन्या पत्त्यासमोर नवा पत्ता लिहून तक्ता केला. जुन्या फाँटमधली पाने मूळ स्वरूपातही ठेवली आणि शेजारी युनिकोडची प्रतही ठेवली. मामांच्या सात सीड्याही त्यात गेल्या.

हलविण्याच्या दोन दिवस आधी तिने आमच्या नावाच्या नोंदीची मुदत एका दिवसावरून पाच मिनिटांवर आणली, म्हणजे जगभरच्या यंत्रांनी आमचा जुना ठिकाणा फार काळ ध्यानात धरू नये. शनिवारी रात्री दहाला आरंभ झाला. पाने मोजली, दोन्हीकडची ताडून पाहिली. मग तिने एक गोष्ट केली, ती मी पंचवीस वर्षांत कधी केली नव्हती. राखून ठेवलेली प्रत एका कोऱ्या यंत्रावर खरोखर उतरवून, तिच्यातून संकेतस्थळ पुन्हा उभे राहते की नाही, ते पाहिले. ‘जी प्रत कधी उघडून बघितली नाही ती प्रतच नव्हे,’ असे ती म्हणाली. पहाटे चारला काम संपले. सकाळी कोणाला काही कळलेदेखील नाही. एकही तक्रार नाही, एकही चौकशी नाही. यजमानाला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते?

परतताना लोकलमध्ये बसलो आणि स्थानकांची नावे ऐकत राहिलो. नेरुळ, जुईनगर, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. पंचाण्णव गावांची जमीन घेऊन हे शहर वसले. भातखाचरे गेली, मिठागरे गेली. त्यांचे मोल पुरते मिळाले की नाही, याचे दुःख अजून गावठाणांत बोलले जाते. पण गावांची नावे पुसली नाहीत. नेरुळला जावयाचे म्हणणारा आजही नेरुळलाच उतरतो. त्या मुलीने आपल्या तक्त्यात दुसरे काय केले होते?

फायलीसाठीचा इतिहास मी लिहून दिला. त्यात माझा ‘नेऊ नये’ हा शेराही जसाच्या तसा नोंदविला आणि खाली सही केली. निर्लेखनाच्या दिवशी जुने यंत्र टेम्पोत चढले तेव्हा पुठ्ठ्याची पाटी मी काढून घेतली. ती आता घरी आहे.

दिवाळीच्या साफसफाईत आपल्याही घरी जुना फोन, जुना संगणक, एखादी सीडी निघाली असेल. भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी त्यात काय आहे ते एकदा उघडून पाहावे. आणि घरात कोणी मामांसारखे असेल, तर त्यांच्या माळ्यावरचा डबा त्यांना विचारल्यावाचून खाली काढू नये.